गाऱ्हाणे आणि कबुली

लघवीच्या जागेचे दुखणे हा साहित्यचर्चेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न वाचक प्रारंभीच विचारतील, आणि तो रास्त आहे. आम्ही मराठीचे अध्यापक; वैद्यकात आमची गती नाही. परंतु गेली तीन वर्षे हे दुखणे आमच्या सोबतीला आहे आणि या काळात त्याने आम्हांला जे शिकवले त्यातला मोठा भाग भाषेविषयीचा आहे. म्हणून तो येथे मांडण्याचे धाडस करीत आहोत. जुन्या निबंधकारांनी ‘आम्ही’ हे सर्वनाम मताला वजन यावे म्हणून वापरले. या लेखात ते काहीसे आडोशासाठीही वापरले आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

हकीकत थोडक्यात अशी. आम्ही मुळशी तालुक्यात, पौडच्या अलीकडे राहतो आणि अध्यापनासाठी रोज पुण्यात जातो-येतो. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आम्हांला थंडी वाजून ताप आला, लघवीला आग होऊ लागली. तपासणीत मूत्रमार्गाचा आणि प्रोस्टेट ग्रंथीचा जंतुसंसर्ग निघाला. चार आठवडे औषधे झाली, ताप गेला, पुढच्या तपासणीत लघवीत जंतू आढळले नाहीत. दुखणे मात्र राहिले. लघवी झाल्यावर बराच वेळ जळजळ, काही थेंब आत उरल्याची जाणीव, वृषणांच्या मागे ठणका, तासभर बसले की तो वाढणे, कधी शिश्नाच्या टोकाशी सुई टोचल्यासारखे होणे. ताम्हिणीकडून पाऊस येऊ लागला आणि हवेत गारठा आला की लघवीच्या खेपा वाढतात. भूगावच्या कोंडीत बस अडकली की आमचे लक्ष पुस्तकात राहत नाही. पौड ते कोथरूड या रस्त्यावर मुतारी कोठे आहे, कोणत्या पेट्रोलपंपावरचे दार उघडे असते, कोणत्या हॉटेलात चहा न घेता मागे जाऊ देतात, हे सारे आम्हांला पाठ झाले आहे.

ज्या डॉक्टरांकडे आम्ही परत गेलो त्यांनी कागद पाहून सांगितले, “रिपोर्ट नॉर्मल आहे. तुम्हाला काही झालेलं नाही.” वाक्य दिलासा देण्यासाठीच उच्चारलेले होते. आम्हांला मात्र ‘तुम्ही खोटे बोलत आहात’ असे ऐकू आले. पुढे त्यांनी विचारले, “नेमका कसा त्रास होतो?” पंचवीस वर्षे वर्गात शब्दशक्ती शिकवणारे आम्ही “जरा खालचा त्रास आहे” याच्या पलीकडे जाऊ शकलो नाही. उलट, विचारले नसताना आम्ही सांगू लागलो की आमच्या लग्नाला इतकी वर्षे झाली, आम्ही कोठे जात-येत नाही, कसलेही व्यसन नाही. डॉक्टर संकोचून कागदाकडे पाहत राहिले. घरी येऊन हा प्रसंग सांगितला तेव्हा पत्नीने शांतपणे विचारले, “अहो, मला सांगता तसं त्यांना का नाही सांगितलंत?”

या लेखाचा सारा विषय त्या प्रश्नात आहे. आम्ही गाऱ्हाणे सांगायला गेलो होतो आणि कबुलीजबाब देऊन परतलो. गुन्हा नाकारला असला तरी रचना कबुलीजबाबाचीच होती. हे दोन गद्यप्रकार वेगळे आहेत. गाऱ्हाण्याला जागा, वेळ, प्रमाण आणि क्रम लागतो: कोठे दुखते, केव्हापासून, किती, कशाने वाढते, कशाने उतरते. कबुलीला चारित्र्य, कारण आणि पश्चात्ताप लागतो. गाऱ्हाणे ऐकणारा उपाय शोधतो आणि कबुली ऐकणारा निवाडा करतो. आमच्या मते मराठी पुरुषाला कंबरेखालच्या दुखण्यासाठी पहिला प्रकार जवळजवळ उपलब्धच नाही. दुसरा मात्र तयार साच्यासारखा हाताशी असतो.

यासाठी आपल्याकडचे शब्दच पाहावेत. ‘परमा’ हा शब्द मुळात संस्कृत ‘प्रमेहा’वरून आला. चरकाने प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आणि त्यांत मधुमेहही येतो. म्हणजे तो शब्द एका विस्तृत रोगसमूहाचा होता. मराठीत येता येता तो एका संसर्गजन्य रोगापुरता उरला आणि शिवीच्या जवळ जाऊन बसला. ‘गरमी’चेही तसेच. ‘उन्हाळी लागणे’ हा शब्द निरागस आहे, कारण त्यात दोष उन्हाचा. सब्जा नाहीतर धने-जिऱ्याचे पाणी घेतले की विषय संपतो. तीन वर्षे टिकणाऱ्या दुखण्याला तो पुरत नाही. ‘धातू जाणे’ या शब्दप्रयोगात तर रोगाची सगळी कथाच आधी लिहून ठेवलेली आहे: तरुणपणीची चूक, शक्तीचा ऱ्हास, उरलेल्या आयुष्याची हानी. भारतीय मनोविकारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ हे नाव रूढ केले, ते याच कथेमुळे आजारी पडणाऱ्या पुरुषांसाठी. त्यांच्या थकव्याला आणि वेदनेला शब्द हवा होता. भाषेने जो दिला त्यात अपराधही बांधून दिलेला होता. उरले ‘गुप्तरोग’. हा शब्द आमच्या पिढीने पाठ्यपुस्तकात वाचला नाही, एस. टी. स्थानकावरच्या मुतारीच्या भिंतीवर वाचला. या विषयावरचे मराठी गद्य गरजू माणसाला सर्वांत सहज कोठे सापडते, तर तेथेच, आणि ते लिहिणारा त्याच्या भीतीवर दुकान चालवतो.

आता वैद्यक काय म्हणते ते, आम्हांला नंतर भेटलेल्या दुसऱ्या एका डॉक्टरांच्या मदतीने जेवढे समजले तेवढे, सांगतो. जंतू गेल्यावरही लक्षणे राहणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. अशा वेळी प्रथम काही शक्यता तपासाव्या लागतात. पहिल्या औषधाला न जुमानणारा दुसरा एखादा जंतू मागे असू शकतो. जोडीदारावर उपचार न झाल्याने पुन्हा संसर्ग झालेला असू शकतो. मूत्रमार्ग आक्रसलेला असू शकतो. ताप, लघवीतून रक्त, लघवी तुंबणे, वृषणाला सूज वा गाठ यांपैकी काही असेल तर एक दिवसही थांबू नये. हे सारे तपासून झाल्यावरही दुखणे उरले, तर त्यालाही वैद्यकात नाव आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९५ साली प्रोस्टेटच्या दाहाचे चार वर्ग ठरवले. त्यांतला तिसरा जंतूंचा पुरावा नसलेल्या दीर्घकालीन वेदनेचा, आणि जुनाट तक्रार असलेल्या पुरुषांपैकी बहुसंख्य या वर्गात मोडतात. म्हणजे ‘रिपोर्ट नॉर्मल’ हे या दुखण्याच्या व्याख्येतच बसते. ते दुखणे नसल्याचा दाखला होत नाही.

या दुखण्यात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू अनेकदा नकळत आवळलेले राहतात. संसर्गाच्या काळात वेदनेने आवळलेले ते पुढे सैल होत नाहीत. मज्जातंतूही जास्त हळवे होतात. भीतीने माणूस अधिक आवळतो, दुखणे वाढते आणि त्याने भीती वाढते. अशा वेळी प्रतिजैविकांचे आणखी एक आवर्तन घेण्याचा मोह होतो. २००४ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. आधी बरेच उपचार होऊनही दुखणे राहिलेल्या १९६ पुरुषांना सहा आठवडे सिप्रोफ्लॉक्सॅसिन, टॅम्सुलोसिन, दोन्ही किंवा निव्वळ औषधासारखी दिसणारी गोळी दिली गेली. खऱ्या औषधांनी ठळक असा जास्तीचा गुण आला नाही. २००९ पासून ‘यूपॉइंट’ नावाची पद्धत वापरात आली. तिच्यात लघवी, मन, प्रोस्टेट, जंतू, मज्जातंतू आणि स्नायू अशा सहा बाजूंनी रोगी पाहतात आणि ज्याची जी बाजू दुखरी तिच्यावर उपाय करतात. आमच्या वाट्याला फिजिओथेरपी आली. स्नायू सैल सोडण्याचा व्यायाम, पोटातून श्वास, कोमट पाण्यातले कटिस्नान, तासातासाने खुर्चीवरून उठणे, आणि लघवीच्या खेपांची वही. आम्ही पूर्ण बरे झालो असे म्हणणार नाही. महिन्यातले वाईट दिवस पूर्वी वीस असत, आता सहा-सात असतात. त्या दिवसांत मूत्रमार्ग दाबून पाहण्याची सवय सुटली, हाही मोठा लाभ मानतो.

या उपचारांतले एक साधन साहित्याच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहण्याजोगे आहे. १९९९ साली तयार झालेली नऊ प्रश्नांची एक यादी या रोग्यांपुढे ठेवतात. दुखते कोठे, किती वेळा, किती तीव्र. लघवी अपुरी वाटते का, दोन तासांच्या आत पुन्हा जावे लागते का. कामात किती अडथळा येतो. आणि शेवटी, उरलेले आयुष्य गेल्या आठवड्यासारख्याच लक्षणांत काढावे लागले तर कसे वाटेल. आम्ही तो कागद भरला तेव्हा तीन वर्षांत प्रथमच आमचे गाऱ्हाणे पूर्ण वाक्यांत सांगून झाले. त्यात चारित्र्याविषयी एकही प्रश्न नव्हता. शेवटच्या प्रश्नापाशी मात्र आम्ही बराच वेळ पेन धरून बसलो होतो.

आर्थर क्लाइनमन या वैद्यकीय मानववंशशास्त्रज्ञाने १९८८ सालच्या आपल्या ग्रंथात, वैद्याला दिसतो तो रोग आणि माणूस जगतो ते आजारपण, असा भेद विस्ताराने मांडला. पाश्चात्त्य साहित्यात याचे सर्वांत बोलके उदाहरण आम्हांला रूसोचे वाटते. त्याचे आत्मचरित्र आपण आधुनिक ‘मी’चा उगम म्हणून शिकवतो, पण त्या ग्रंथात आयुष्यभराचे लघवीचे दुखणेही आहे, हे वर्गात कोणी सांगत नाही. १७५२ साली त्याची संगीतिका फोंतेनब्लोला राजासमोर झाली. दुसऱ्या दिवशीची राजभेट त्याने टाळली. वारंवार लघवीला जावे लागण्याची धास्ती हे त्याने दिलेल्या कारणांपैकी एक. पुढे १७६० नंतरच्या दशकात तो आर्मेनियन पद्धतीचा पायघोळ झगा घालू लागला. लोकांना ती विक्षिप्तपणाची हौस वाटली. सळया आणि नळ्या वापराव्या लागणाऱ्या माणसाची ती सोय होती. व्हेनिसमध्ये एका गणिकेकडे जाऊन आल्यावर, शरीरावर कोणतेही चिन्ह नसता, आपल्याला रोग जडलाच या भीतीत त्याने तीन आठवडे काढले, हेही त्याने लिहिले आहे. १७७८ साली तो वारला, तेव्हा त्याच्याच इच्छेप्रमाणे शवविच्छेदन झाले. मूत्रपिंडे, मूत्राशय, मूत्रमार्ग यांत डॉक्टरांना दुखण्याचे कारण सापडले नाही. रिपोर्ट नॉर्मल होता. दुखणे मात्र आयुष्यभर खरे होते. ध्यानात घेण्याची गोष्ट ही की त्याच्या ग्रंथाचे नावच ‘कबुलीजबाब’ असे आहे. शरीराचे गाऱ्हाणे मांडण्यासाठी त्यालाही तोच साचा उपलब्ध होता.

मराठीत हा साचा मोडण्याचा एक मोठा प्रयत्न झाला आणि तो आपल्या अगदी जवळचा आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२५ साली विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सोडली आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालू होते. कर्व्यांचा विचार आपण पुष्कळ चर्चिला आहे. त्यांच्यावर २००१ साली ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट आला, २०१७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक आले. आम्हांला मात्र या दुखण्याच्या काळात कर्व्यांपेक्षा त्यांना प्रश्न पाठवणारे लोक अधिक आठवत राहिले. पेनिसिलीन अजून आलेले नव्हते. परम्याच्या रोग्याची मूत्रनलिका पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने आठवडेच्या आठवडे धूत असत, आणि त्यातून उठलेल्यांपैकी कित्येकांच्या मागे स्राव, जळजळ, आक्रसलेला मूत्रमार्ग उरत असे. ज्या समाजात हे वैद्यालाही सांगता येत नव्हते, त्यातले लोक आपल्या शरीराचे प्रश्न मासिकाला लिहून विचारत होते. त्यांना उत्तर मिळे ते थोडक्यात आणि निवाड्याविना. प्रश्न शरीराचा असेल तर उत्तरही शरीराचेच द्यावे, ही कर्व्यांची शिस्त होती. या उत्तरांबद्दलच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना शास्त्रीय उत्तर देणे हा अपराध कसा, अशी बाजू मांडली. खटला हरला. त्या निनावी पत्रलेखकांचे गद्य मराठी गद्याच्या इतिहासात कोणी अभ्यासल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

अश्लीलतेचा आक्षेप या लेखावरही येईल. तो झटकून टाकण्याजोगा नाही, कारण तो घेणारे आमचेच सहाध्यायी असतील. मम्मटाने अश्लील हा दोष तीन प्रकारचा सांगितला: व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल यांपैकी काही व्यंजित करणारा. आमचा विषय तिन्ही प्रकारांत बसतो, हे मान्य. परंतु हा दोष नित्य नाही आणि प्रसंग बदलला की तो दोष राहत नाही, हेही त्याच परंपरेने सांगून ठेवले आहे. शिवाय ज्या संस्कृतीचा दाखला देऊन मौन पाळावयाचे, तिच्या वैद्यकाने हे मौन पाळलेले नाही. चरकाने मूत्रकृच्छ्राचे आठ प्रकार मोजले आणि जे वेग अडवू नयेत त्यांच्या यादीत मूत्राचा वेग पहिला घातला. संकोच असू नये असे आमचे म्हणणे नाही. तो आम्हांलाही आहे, अन्यथा ‘आम्ही’चा आडोसा लागता ना. संकोच असूनही वाक्य पूर्ण करता आले पाहिजे, एवढेच आम्ही मागतो.

ते पूर्ण न करता आल्यास काय होते, हे गेल्या श्रावणात पाहिले. ओळख लागू नये म्हणून तपशील बदलून सांगतो. आमचा एक जुना विद्यार्थी आहे. वर्गात उत्तम लिहिणारा. आता आमच्याच तालुक्यात, हिंजवडीला नोकरी करतो, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत बसतो. एका संध्याकाळी तो भिजत घरी आला, दोन तास नव्या कादंबऱ्यांविषयी बोलला, आणि निघताना उंबऱ्यावर म्हणाला, “सर, एक विचारायचं होतं.” वर्षभरापूर्वी त्याला संसर्ग झाला होता. सरकारी केंद्रात औषध घेतले, नंतरच्या तपासण्या स्वच्छ आल्या. जळजळ आणि ठणका राहिला. तेव्हापासून तो तीन शहरांत पाच ठिकाणी गेला होता. एका जाहिरातवाल्याला त्याने दोन पगार दिले होते. ठरलेले लग्न मोडले होते, आणि मोडण्याचे खरे कारण त्याने कोणालाच सांगितले नव्हते. “माझीच चूक आहे ना सर, मग कुणाला सांगणार?” असे म्हणून तो थांबला. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाला की कधी कधी जगणेच नको वाटते.

आम्ही त्याला परत आत बसवले आणि आमचे दुखणे सांगितले. जागेच्या नावासह, खेपांच्या आकड्यांसह. तो बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिला. नंतर त्याने स्वतःचे सांगितले, आणि या वेळी त्यात ‘चूक’ हा शब्द आला नाही. त्या रात्री आम्ही त्याला घरीच ठेवून घेतले. पुढच्या आठवड्यात तो मूत्ररोगतज्ज्ञाकडे आणि समुपदेशकाकडेही गेला. सोबत आम्ही होतो. जाण्याआधी त्याने पाऊण पान लिहून नेले: कोठे, केव्हापासून, किती, कशाने वाढते. डॉक्टरांनी ते वाचले आणि त्यावरच प्रश्न विचारले. त्याचे दुखणे अजून आहे, कमी आहे. जगण्याविषयीचे ते वाक्य मात्र त्याने पुन्हा उच्चारलेले नाही.

या सगळ्यात आम्हांला आमच्या विषयाची एक उणीव दिसली. आम्ही वर्गात व्यंजनेचे माहात्म्य सांगतो, लक्षणेच्या खुब्या दाखवतो आणि अभिधा ही जणू खालची पायरी म्हणून एका तासात संपवतो. सुचवणे श्रेष्ठ आणि सांगणे कमी दर्जाचे, हा संस्कार घेऊन मुले बाहेर पडतात. कवितेपुरते ते ठीक असेल. दवाखान्यात ‘तिकडे’, ‘खाली’, ‘जरा तसला त्रास’ एवढीच व्यंजना चालते आणि तिचा अर्थ लावणारा रसिक तेथे नसतो. समीक्षेतही आपण असेच करतो. कथाकादंबरीतल्या पुरुषाला या भागाचे दुखणे झाले की ते आपण पापाचे फळ किंवा पौरुषाच्या पराभवाचे प्रतीक म्हणून वाचतो. ते नुसते दुखणे असू शकते, ही शक्यता आपल्या टीकेत येत नाही. सुझन सॉन्टॅगने १९७८ साली क्षय आणि कर्करोग यांच्यावरचे रूपकांचे ओझे दाखवून दिले. आपल्याकडे त्या प्रकारचे काम या दुखण्याबाबत व्हावयाचे आहे.

अध्यापक मित्रांना आमची सूचना लहानशी आहे. निबंध, पत्र, सारांश यांच्या बरोबरीने एक तास गाऱ्हाण्याला द्यावा. विषय गुडघ्याचा ठेवावा, डोकेदुखीचा ठेवावा; लघवीचाच असावा असे नाही. कोठे, केव्हापासून, किती, कशाने वाढते, कशाने उतरते, एवढे दहा ओळींत, विशेषणे आणि पश्चात्ताप वगळून लिहावयास सांगावे. हे जमलेला मुलगा पुढे कधी गरज पडली तर जागेचे नाव आपण होऊन लिहील, आणि मुतारीच्या भिंतीवरचा दूरध्वनी क्रमांक उतरवून घेण्याआधी ते पान घेऊन डॉक्टरकडे जाईल. आम्हांला ते कोणी शिकवले नव्हते. घरी पत्नीने तो प्रश्न विचारला नसता, तर आजही आम्ही ‘जरा खालचा त्रास’ एवढ्यावरच थांबलो असतो.